गाडीखालचा काळा डाग : थेंब पडतो एकीकडे, गळती असते दुसरीकडे



आजचा लेख कुठल्या धड्यावर नाही, पण नववी-दहावीच्या विज्ञानातलं बरंच काही त्यात येणार आहे. विषय आहे गाडीच्या इंजिनातून होणारी ऑईलगळती आणि ती घरच्या घरी कितपत दुरुस्त करता येते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी चारचाकी आहे. कुणाची जुनी आहे, कुणाच्या मुंबईच्या काकांनी गणपतीला आणून इथेच खळ्यात ताडपत्री घालून ठेवलेली आहे. त्या गाडीखाली कधी वाकून बघितलंय का? नसेल तर आज संध्याकाळी बघा. जमिनीवर पंजाएवढा काळा, तेलकट डाग दिसला तर पुढचं सगळं तुमच्या उपयोगाचं आहे.

आमची गाडी म्हणजे चौदा वर्षांची लहान पेट्रोल गाडी. कुडाळातून शाळा, शाळेतून बाजार, कधी पिंगुळी, कधी नेरूर, महिन्यातून एखादी मालवणची फेरी, एवढंच तिचं काम. यंदा एप्रिलमध्ये तिच्याखाली डाग दिसायला लागला. पहिल्यांदा मला कुणी सांगितलं असेल तर शेजारच्या आजींनी. त्यांची आणि आमची विहीर एकच आहे. गाडी उभी राहते ती जागा विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर आणि जरा वरच्या अंगाला. आजी कळशी घेऊन चालल्या होत्या, डाग बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "बाईनू, तुमच्या गाडयेचा त्याल गळता हा. मिरग इलो की ता सगळा बावीत जातला, बगा."

आजी बोलल्या ते अगदी शास्त्राला धरून होतं. आपला जांभा दगड सच्छिद्र असतो. हातात चिरा घेऊन बघा, भोकंच भोकं. त्यावर सांडलेलं तेल वर थोडंच राहतं, बाकीचं आत उतरतं. मृगाचा पाऊस सुरू झाला की खळ्यातलं पाणी उताराकडे धावतं आणि उतार विहिरीकडेच. मी त्या रात्री गाडीखाली एक पुठ्ठा ठेवला, मोबाईलवर वेळ लावली आणि थेंब मोजले. साधारण पाच मिनिटांत एक. आता गणित करा. बारा तासांत १४४ थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रात्रीचे सात मिलिलिटर, महिन्याचे दोनशेच्या वर आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत जवळजवळ ८५० मिलिलिटर. इंजिन थंड झालं की थेंबांचा वेग कमी होतो, म्हणून हा अंदाज वरच्या बाजूचा आहे. पण समजा निम्मं जरी धरलं तरी ते पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था लोकांना सांगते की, गाडीच्या एका ऑईलबदलातून निघणारं वापरलेलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडं पाणी दूषित करू शकतं. विहीर दोन घरांची आहे म्हटल्यावर हा प्रश्न माझ्या गाडीपुरता राहिलाच नाही.

गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी ती वर उचलली, बॅटरी मारून खालून बघितलं आणि दोन मिनिटांत निदान केलं : क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बदलून घ्या, सगळं मिळून चौदा-पंधरा हजार. खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, बरोबर त्याच जागेवरून थेंब पडत होता. तिथून थेंब पडला की मागचं सील, हे समीकरण बहुतेक ठिकाणी पाठ असतं.

आमच्या वाडीत एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले एक मिस्त्रीकाका आहेत. त्यांना सहज विचारलं. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. सुपारी कातरत म्हणाले, "आदी धुवा. पयलो थेंब खय पडता ता इचारू नका, सगळ्यात वर खय ओला आसा ता बगा."

हे वाक्य वहीत लिहून घ्या. पुढे जे काही सांगणार आहे ते या वाक्यामुळेच.

आता थोडं इंजिनाच्या पोटात शिरू. इंजिनाच्या तळाला तेलाचं भांडं असतं, त्याला आपल्याकडचे मेकॅनिक चेंबर म्हणतात. तिथून पंप तेल खेचतो, फिल्टरमधून गाळतो आणि बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत आणि पार डोक्यावरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. वरून ते परत आपोआप खाली ओघळतं. म्हणजे तेल चेंबरात असतं हे अर्धंच खरं. इंजिन चालू असताना ते सगळीकडे असतं, अगदी माथ्यावरसुद्धा. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं, ज्याला मिस्त्री लोक टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या आत तर तेलाचा नुसता शिडकावा चालू असतो. त्या झाकणातून गळलेलं तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि तिथून ठिबकतं. पावसात कौलांच्या घराचं बघा ना. पाणी माजघरात ठिबकतं, पण फुटलेलं कौल माजघरावर असतंच असं नाही. पाणी वाशावरून चालत येतं. तेल तर पाण्यापेक्षाही जास्त लांब चालतं, कारण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. ते थेंब धरून न बसता पृष्ठभागावर पसरतं. शिवाय गाडी पळत असताना खालून वारा लागतो आणि तो तेल मागे ढकलतो. म्हणून पुढची गळती पुष्कळदा मागे दिसते.

गळती थांबवणाऱ्या वस्तू मुख्यतः दोन जातींच्या. एक, दोन स्थिर भागांच्या मध्ये बसणारी : तिला इंग्रजीत गॅस्केट आणि गॅरेजच्या भाषेत पॅकिंग म्हणतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं पॅकिंग, लहान गोल ओ-रिंगा या त्याच जातीच्या. दुसरी जात म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवती बसणारं ऑईल सील. हे मात्र फार हुशारीचं काम आहे. बाहेर लोखंडी कडं, आत रबराचा पातळ ओठ आणि त्या ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरणारी एक गोल, केसासारखी बारीक स्प्रिंग. दांडा मिनिटाला हजारो फेऱ्या घेतो. ओठ त्याला कोरडाच घासत राहिला तर थोड्याच वेळात जळून जाईल. म्हणून ओठ आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर राहू दिलेला असतो आणि ओठाचा आकारच असा असतो की तो थर बाहेर न येता परत आत ओढला जातो. म्हणजे सील तेल अडवतं ते तेलाच्याच मदतीने. दुकानात सील घ्यायला गेलात तर त्यावर तीन आकडे दिसतील, उदाहरणार्थ ३५-५०-८. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये.

आता एक प्रश्न. दोडामार्गाकडे जाताना रस्त्याच्या कडेला रबराच्या बागा दिसतात. झाडाला वाटी बांधलेली, त्यात पांढरा चीक जमा होतो. एवढं रबर आपल्या जिल्ह्यात होतं, मग त्याचंच सील का करत नाहीत? उत्तर तुम्ही घरी शोधू शकता. वहीला लावायचा साधा रबर बँड घ्या, मोटरसायकलच्या ऑईलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा आणि शेजारी कोरडा ठेवलेल्या दुसऱ्या बँडशी ताडून बघा. तेलातला फुगलेला, मऊ आणि चटकन तुटणारा झालेला असेल. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल, दोन्ही हायड्रोकार्बन, एकमेकांत शिरतात. म्हणून सीलसाठी तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर लागतं. नायट्राइल नावाचं असं रबर १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालं आणि त्यानंतर चामड्याची आणि दोरीची सीलं हळूहळू मागे पडली. हो, दोरीचीच! जुन्या इंजिनांत क्रँकच्या मागे ग्राफाइट लावलेली दोरी बसवलेली असायची. आताच्या गाड्यांत जिथे उष्णता जास्त तिथे नायट्राइलपेक्षाही सोशिक रबरं वापरतात.

पण कुठलंही रबर कायमचं नसतं. उष्णतेने आणि वयाने ते कडक होतं, त्याचा लवचीकपणा जातो आणि मग दाबलेल्या जागी ते तसंच चपटं राहतं. रबराच्या लवचीकपणावर माणसांचे जीव अवलंबून असू शकतात हे जगाने २८ जानेवारी १९८६ ला पाहिलं. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या सकाळी तापमान २ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. उजव्या रॉकेटच्या सांध्यातल्या ओ-रिंगा थंडीने कडक झाल्या होत्या, फट बंद करायला त्या वेळेवर फुलल्याच नाहीत आणि तप्त वायू बाहेर पडला. चौकशीच्या वेळी नोबेल विजेते रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात तशा रबराचा तुकडा बुडवून सगळ्यांसमोर दाखवलं की, थंड झाल्यावर दाब काढला तरी ते लगेच मूळ आकारात येत नाही. इथे एक फरक लक्षात ठेवा. थंडीने आलेला कडकपणा रबर गरम झालं की जातो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आलेला जात नाही, कारण तिथे रासायनिक बदल झालेला असतो. आपल्या गाडीत दुसरा प्रकार होतो.

कोकणातल्या गाड्यांना आणखी एक दुखणं आहे, आणि ते चाकरमान्यांच्या गाड्यांना जास्त. अकरा महिने गाडी उभी. सीलच्या ओठावरचं तेल निथळून जातं, ओठ एकाच जागी दाबून बसतो आणि मग गणपतीत एकदम गाडी काढून लांबची फेरी मारली की गळती सुरू. लोकांना वाटतं, उभ्या गाडीला काय होणार आहे! उभ्या गाडीलाच होतं. पंधरा दिवसांतून एकदा थोडी चालवून इंजिन नीट गरम करावं, हे बरं.

असो, आमच्या गाडीकडे वळू. मे महिन्याची सुट्टी लागली होती, मिरगाला अजून तीन आठवडे होते. पहिलं काम, जे गळतंय ते इंजिन ऑईलच आहे का हे बघणं. पांढऱ्या कागदावर थेंब घ्यायचा. काळपट-तपकिरी आणि बोटांना बुळबुळीत, तर इंजिन ऑईल. हिरवं किंवा गुलाबी पाणी असेल तर रेडिएटरचं. जाड आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरचं. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नको. फिकट पिवळसर, पातळ आणि चाकाच्या जवळ असेल तर ब्रेकचं, आणि तसं असेल तर गाडी जागची हलवू नका.

दुसरं काम, धुण्याआधी बघणं. इथे आपली तांबडी माती उपयोगी पडली. शाळेकडचा शेवटचा तुकडा कच्च्या रस्त्याचा आहे. एप्रिल-मे मध्ये तिथे धूळ उडते ती इंजिनावर बसते. कोरड्या जागेवर ती हाताने पुसली जाते, पण तेल असेल तिथे चिकटून काळा-तांबडा थर होतो. बॉनेट उघडून बघितलं तर तो थर गिअरबॉक्सच्या सांध्यापासून वर वर चढत थेट टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेपर्यंत गेलेला. नकाशाच जणू. पावसाळ्यात हा पुरावा धुऊन जातो, म्हणून गळती शोधायची तर पावसाआधी.

मग मिस्त्रीकाकांनी सांगितल्याप्रमाणे धुणं. इंजिन पूर्ण थंड करून, जुना ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन तो थर सोडवला. पेट्रोल या कामाला कधीही वापरायचं नाही. त्याची वाफ एका ठिणगीने पेटते. वायरींचे सांधे आणि अल्टरनेटर प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घेतले, खाली परात ठेवली आणि शेवटी साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून घेतलं. होजपाइप मारला नाही. कोरडं झाल्यावर संशयाच्या सगळ्या जागांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. पांढऱ्यावर ओलं लगेच दिसतं. गाडी पिंगुळीपर्यंत जाऊन परत आणली. बॅटरीच्या उजेडात बघितलं : खाली गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी पावडर कोरडी आणि वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर रुंद काळी रेघ. अजून खाली पोचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आणखी एक फेरी मारली तेव्हा ती रेघ खाली उतरलेली दिसली. पंधरा हजारांचं काम तिथेच बाद झालं.

पण "पॅकिंग बदलू" म्हणून मी लगेच दुकानात गेले नाही. पॅकिंग का गेलं, हाही प्रश्न आहेच. वय झालं, हे एक कारण. दुसरं कारण मिस्त्रीकाकांनी विचारलं, "ब्रीदर बगितलास काय गो?" (एव्हाना ते 'बाईनू' वरून 'गो' वर आले होते.) सिलिंडरमध्ये जळलेल्या वायूपैकी थोडासा पिस्टनच्या कडांमधून खाली चेंबरात उतरतोच. त्याला बाहेर काढण्यासाठी एक नळी आणि झडप असते. ती चिकट काजळीने तुंबली तर आत दाब वाढतो आणि तो दाब जिथे दुबळी जागा मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. प्रेशर कुकरची शिटी तुंबली तर काय होईल, तोच प्रकार, फक्त सौम्य. अशा वेळी नवं पॅकिंग घातलं तरी चार-सहा महिन्यांत ते नाहीतर दुसरं कुठलं तरी सील गळणार. थोडं थोडं अंतर जाणारी गाडी नीट गरम होत नाही, आत ओलावा साचतो आणि हा चिकटा जास्त होतो. कुडाळच्या कुडाळात फिरणाऱ्या आमच्या गाडीचं नेमकं तेच. झडप काढून कानाशी हलवली तर चांगली झडप खडखड वाजते. आमची मुकी होती. ती साफ करण्यापेक्षा नवीच घेतली, नळी मात्र रॉकेलने धुऊन वाळवली.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. हे वाचून विद्यार्थ्यांनी एकट्याने पाना हातात घेऊ नये. मोठं माणूस सोबत हवंच. बॅटरीची ऋण तार सोडवली. जे जे काढायचं त्याचा आधी मोबाईलवर फोटो आणि प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टीवर आकडा. झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल केले. एकच बाजू आधी पूर्ण सोडवली तर झाकण पिळवटतं. झाकण चिकटलेलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह इथे सगळ्यांना होतो, पण ॲल्युमिनियमवर एक ओरखडा उठला की तिथून कायमची गळती. लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हलके टकटक केलं, निघालं. आतल्या भागावर स्वच्छ फडकं घातलं, कारण मातीचा एक खडा आत गेला तर कॅमशाफ्टची वाट लागेल. जुनं पॅकिंग काढून वाकवलं तर मोडलं! रबराचं असून वाळक्या काडीसारखं मोडलं. नव्याशेजारी ठेवून त्याचा काप बघितला : नवं गोलसर, जुनं पार चपटं. पुढच्या वर्षी लवचीकतेचा धडा शिकवताना दाखवायला हे तुकडे मी एका डबीत घालून शाळेत नेले आहेत.

खाच आणि कडा पुसून अगदी कोरड्या केल्या. नवं पॅकिंग खाचेत बोटाने दाबत बसवलं. जिथे अर्धगोल सपाटीला मिळतो त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा डाळीच्या दाण्याएवढा ठिपका, बस्स. पुष्कळ लोक सगळीकडे सिलिकॉन थापतात. बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, मग त्याचे तुकडे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात. पॅकिंगला सिलिकॉनचा लेप म्हणजे मासळीच्या कालवणात पंधरा सोलं घालण्यासारखं आहे.

बोल्ट आवळताना मधून सुरुवात करून बाहेर गेले, दोन-तीन फेऱ्यांत. किती आवळायचे? लहान गाड्यांच्या अशा झाकणांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर लागतं. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्ती-पुस्तकात बघावा. बलाचं आघूर्ण तुम्ही शिकला आहात. १० न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलोची ओढ. तोच पाना ३० सेंटिमीटरचा घेतलात तर साडेतीन किलोपेक्षाही कमी. म्हणून छोट्या बोल्टला मोठा पाना लावू नये. आपल्याला कळतच नाही आपण किती जोर लावतोय ते. जास्त आवळलं तर रबर बाहेर फुगतं, झाकण वाकतं, नाहीतर ॲल्युमिनियममधले आटे सुटतात. मी मिस्त्रीकाकांचा टॉर्क पाना आणला होता. तो ठरलेल्या जोराला 'टक्' असा आवाज करतो.

खर्च : पॅकिंग चारशेच्या आत, झडप अडीचशे, सिलिकॉनची छोटी ट्यूब दीडशे. दोन दुपारी गेल्या.

तुम्ही विचाराल, मग बाटलीतून मिळणारं 'गळती थांबवा' औषध का नाही घातलं? अशा औषधांतली बरीचशी रसायनं कडक झालेल्या रबराला थोडं फुगवून मऊ करतात. रबर नुसतं आखडलेलं असेल तर काही काळ उपयोग होतोही. पण फाटलेला ओठ त्याने शिवला जात नाही, मोडलेलं पॅकिंग सांधलं जात नाही आणि तुंबलेली झडप तर मुळीच उघडत नाही. गाडी विकायच्या आधी ते घालणारेही असतात, म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन नुकतंच चकचकीत धुतलेलं असेल तर जरा थांबा.

आणि घरी काय करू नये, हेही सांगायला हवं. आमच्या गाडीचं मागचं क्रँक सील खरंच गेलं असतं तर मी हात लावला नसता. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो एकट्यादुकट्याला पेलवत नाही आणि गाडीखाली झोपून ते काम करणं जिवावरचं आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. चेंबरचा बोल्ट बघायला खाली जायचं झालंच, तर सपाट, घट्ट जमिनीवर, लोखंडी जॅक स्टँडवर गाडी टेकवून. आपल्याकडे सर्रास जांभा चिरा टेकू म्हणून लावतात. चिरा भिंतीत वर्षानुवर्षं भार घेतो कारण तो सगळ्या पृष्ठभागावर वाटलेला असतो. गाडीचा भार एका लहानशा जागेवर येतो, तिथे दाब कित्येक पट होतो आणि भोकाळ दगड चटकन फुटतो. चाकापुढे अडण म्हणून चिरा लावा, खाली टेकू म्हणून नको. क्रँकच्या पुढच्या आणि कॅमच्या सीलचंही तेच : ती टायमिंग बेल्टच्या मागे असतात आणि बेल्ट एक दाता जरी चुकला तरी काही इंजिनांत झडपा पिस्टनवर आदळतात. ते काम जाणकाराकडेच.

धुतलेलं रॉकेल, काळ्या चिंध्या, परातीतलं तेल यांचं काय केलं? वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवरही टाकलेली आहे. आपल्याकडे मात्र 'जळकं ऑईल' वाळवी लागू नये म्हणून वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना फासायची पद्धत आहे. आमच्याही मांगराच्या वाशांना पूर्वी लावलेलं आहे. कौलाखाली, कोरड्यात एक वेळ ठीक म्हणता येईल. पण उघड्यावरच्या, विहिरीजवळच्या खांबाला लावलं तर पहिल्याच पावसात ते खाली उतरणार. शिवाय हे तेल त्वचेलाही वाईट, हातमोजे घालूनच हाताळावं. आमचं सगळं एका झाकणाच्या कॅनमध्ये भरून, ऑईल बदलून देणाऱ्या गॅरेजच्या पिंपात दिलं. खळ्यातल्या डागावर लाकडाचा भुसा टाकून तो पायाने चोळला, दोन दिवसांनी गोळा केला, परत नवा टाकला. वरची दोन बोटं माती खरवडून गोणीत भरली. चिऱ्यात मुरलेलं मात्र काढता आलं नाही, म्हणून तेवढे चार चिरे उपटून बदलले.

दुरुस्तीनंतर आठ दिवस गाडीखाली रोज नवा पुठ्ठा ठेवला आणि त्यावर तारीख लिहिली. पहिल्या दोन दिवशी आधीचं साचलेलं थोडं ओघळलं, तिसऱ्या दिवसापासून पुठ्ठा कोरडा. आता पुढच्या क्रँक सीलच्या खाली बोट फिरवलं तर किंचित ओलसर लागतं, पण थेंब धरत नाही. मिस्त्रीकाकांच्या मते ते आताच छेडायचं नाही. टायमिंग बेल्ट पुढच्या वर्षी बदलायचाच आहे, तेव्हा ते आणि कॅमचं सील एकदम घ्यायचं, म्हणजे तीच मजुरी दोनदा पडत नाही. तोवर दर रविवारी डिपस्टिक बघते आणि महिन्यातून एकदा पुठ्ठा ठेवते.